पायाच्या बायपासनंतर रोज ट्रोपोनिन? छातीत दुखत नसताना ही तपासणी कशाला?

दांडियाबाजारची लेक

नमस्कार मंडळी. वडिलांच्या ऑपरेशनबद्दल विचारायचंय. जरा सविस्तर लिहिते.

अण्णा ७१ वर्षांचे, बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त. मधुमेह जुना, आता इन्सुलिनवर आहेत. नोकरीत असेपर्यंत विडी होती, नंतर सोडली. पूर्वी जेवण झालं की घरातून निघून सुरसागर तलावाला चक्कर मारून यायचे. मग डाव्या पोटरीत गोळा यायला लागला आणि आता गल्लीच्या तोंडापर्यंतही जाववत नाही. रात्री पलंगावरून पाय खाली सोडून बसतात, तेव्हा कुठे जरा बरं वाटतं. अंगठ्याजवळची जखम भरत नाही, तिची कड काळी पडलीय.

व्हॅस्क्युलर सर्जननी सीटी अँजिओ केला. मांडीतली मुख्य नस बऱ्याच लांबीपर्यंत बंद आहे, फुगा घालून भागणार नाही, पायातलीच शीर वापरून बायपास करावा लागेल म्हणाले. हे आम्हाला पटलंय, त्याबद्दल शंका नाही.

प्रश्न पुढचा आहे. फिटनेससाठी ईसीजी झाला, इको झाला, पंपिंग ५५ टक्के आलं. फिजिशियननी सही केली. तरी भूल देणाऱ्या मॅडमनी कागदावर लिहून दिलंय की हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन ही हृदयाची रक्ततपासणी ऑपरेशनच्या आधी एकदा, मग २४ तासांनी आणि परत ४८ तासांनी करायचं. एस्टिमेटमध्ये त्याचे पैसे वेगळे लावलेत. मामांचं म्हणणं, ट्रोपोनिन हार्ट अटॅक आलेल्याचं करतात, अण्णांच्या छातीत आजवर कधी कळ आली नाही, मग पायाच्या ऑपरेशनला तीन तीनदा हृदयाची टेस्ट कशाला? धाकट्या भावाचं उलटंच, तो म्हणतो मनात शंका आहे तर आधी हृदयाची अँजिओग्राफी करून टाकू, ब्लॉक निघाला तर स्टेंट घालू आणि मग पायाकडे बघू.

मी दोघांच्या मध्ये. समजा टेस्ट केली आणि आकडा वाढलेला आला, तर डॉक्टर नेमकं काय करणार? त्याने अण्णांना फायदा होणार असेल तर पैशांचं आम्ही बघू.

कारेलीबागकर

ताई, माझ्या मावशीचा पायाचा बायपास झाला तेव्हा तिचीही ही टेस्ट केली होती. आकडा थोडा वाढलेला आला. तिला काही म्हणजे काही होत नव्हतं, खिचडी मागत होती. हृदयाचे डॉक्टर येऊन बघून गेले, गोळ्या बदलल्या, दोन दिवस जास्त ठेवलं. विमा कंपनीने पुढे तपासण्यांचे पैसे कापले, ते भांडण वेगळं. मावशी आज व्यवस्थित आहे, कमाटीबागेत फिरायला जाते.

एक सुचवतो. काकांच्या ऑपरेशनच्या वेळी हृदय सुरक्षित राहावं म्हणून आदल्या दिवशी ठोके कमी करायची गोळी सुरू केली होती. अण्णांसाठी तुम्हीही विचारून बघा.

जुनी भूलतज्ज्ञ

मी बडोदा मेडिकल कॉलेजात शिकले आणि उभं आयुष्य भूल देण्यात गेलं. पायाच्या रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं माझ्या वाट्याला भरपूर आली, म्हणून हा प्रश्न वाचून लिहायला बसले. लांबेल, पण वाचा.

तुमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी योग्य तेच लिहिलंय. मामांचा प्रश्नही रास्त आहे, त्याचं उत्तर त्यांना मिळायला हवं.

अण्णांच्या छातीत दुखत नाही हे खरं. पण छातीत दुखेल इतकं ते चालतात कुठे? गल्लीच्या तोंडाशी पोटरीच त्यांना थांबवते. हृदयावर ताण पडायची वेळच येत नाही, मग ते तक्रार कधी करणार? त्यात मधुमेह जुना. मधुमेहाने नुसत्या पायांच्याच संवेदना बोथट होतात असं नाही, हृदयाचं दुखणं कळवणारे मज्जातंतूही बोथट होतात. म्हणून या रुग्णांनी 'छातीत कधी दुखलं नाही' असं सांगितलं की मला कधीच निर्धास्त वाटलं नाही.

मांडीतली नस ज्या कारणांनी भरली, ती विडी, ती साखर आणि ते कोलेस्टेरॉल हृदयाच्या नसांतूनही तेवढीच वर्षं फिरलंय. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या हर्टझर यांनी १९८४ मध्ये रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनसाठी आलेल्या १००० रुग्णांच्या हृदयाच्या अँजिओग्राफीचे निष्कर्ष छापले. हृदयाच्या नसा अगदी स्वच्छ निघाल्या त्या फक्त ८ टक्के लोकांच्या. दर चारांतल्या एकाला गंभीर आजार होता. ईसीजी आणि इको तर माणूस शांत पडलेला असताना होतात. पंपिंग ५५ याचा अर्थ आराम करताना स्नायू चांगला आकुंचन पावतोय एवढाच. ताण पडला तर नसा पुरेसं रक्त पोचवतील की नाही, ते त्यावरून कळत नाही.

आणि ऑपरेशन म्हणजे ताणच. रक्त जातं, हिमोग्लोबिन उतरतं. भुलेत रक्तदाब खाली येतो. नंतर दुखण्याने, थंडी वाजून, ताप येऊन नाडी धावायला लागते. शरीर जखम भरायच्या तयारीला लागलेलं असतं, त्यामुळे रक्तात गुठळ्या होण्याकडे कल वाढतो. अरुंद नसांमागच्या स्नायूला या सगळ्यात रक्त कमी पडलं की त्याच्या काही पेशी मरतात आणि त्यांच्यातलं ट्रोपोनिन रक्तात येतं. बहुतेक वेळा हे पहिल्या दोन दिवसांतच घडतं, आणि नेमकं तेव्हाच रुग्णाला दुखण्याची जोरदार औषधं चालू असतात. छातीतली कळ त्यांच्याखाली दबून जाते.

एक गृहस्थ अजून डोळ्यांपुढे आहेत. मांडीपासून घोट्यापर्यंत बायपास झालेला, दुसऱ्या दिवशी सकाळी उशीला टेकून बसलेले. बायको शेजारी मोसंबी सोलत होती. फोड हातात धरून ते मला म्हणाले, "मॅडम, पाय गरम लागतोय हो, किती वर्षांनी!" पाठीतल्या नळीतून दुखण्याचं औषध चालू, त्यामुळे कळ कुठलीच नाही. कपाळावर बारीक घाम होता आणि मॉनिटरवर नाडी ११२. रिपोर्ट आले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसातवर उतरलेलं आणि ट्रोपोनिन ऑपरेशनपूर्वीच्या आकड्याच्या कितीतरी पट. ईसीजी काढला तर त्यातही बदल. मग रक्त चढवलं, नाडी खाली आणली, हृदयरोगतज्ज्ञांना बोलावलं, औषधं लागली. गृहस्थ आपल्या पायांनी घरी गेले. त्या सकाळी तो रिपोर्ट हातात नसता, तर कागदावर 'रुग्ण आरामात' असं लिहून आम्ही पुढच्या पलंगाकडे वळलो असतो.

हे एखाददुसऱ्याचंच असतं असं समजू नका. कॅनडातल्या हॅमिल्टनचे डॉ. डेव्हरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हिजन' नावाचा मोठा अभ्यास केला. हृदय सोडून इतर ऑपरेशनं झालेले, ४५ वर्षांवरचे, अनेक देशांतले रुग्ण त्यात होते, आपल्या देशातलेही होते. २०१७ मध्ये त्यातल्या २१,८४२ जणांचे निकाल छापून आले. साधारण १८ टक्क्यांच्या हृदयाला अशी इजा झाली होती, आणि त्यांतल्या ९३ टक्क्यांना हृदयाचं कुठलंच लक्षण जाणवलं नव्हतं. फक्त रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं झालेल्या ५०२ जणांचे निकाल २०१८ मध्ये वेगळे आले. तिथे १९ टक्के. इजा झालेल्यांतले साडेबारा टक्के महिन्याभरात दगावले, इजा न झालेल्यांतले दीड टक्का. मामांना हा शेवटचा आकडा वाचून दाखवा.

या इजेला डॉक्टर मंडळी 'मिन्स' म्हणतात. नेहमीचा अटॅक असेलच असं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही ती नव्हे.

आता भावाचा मुद्दा, आधी अँजिओग्राफी आणि स्टेंट. ऐकायला बरोबर वाटतं, पण हे करून बघितलेलं आहे. 'कार्प' नावाच्या चाचणीत ५१० रुग्ण होते. रक्तवाहिनीच्या ऑपरेशनपूर्वी निम्म्यांच्या हृदयाच्या नसा मोकळ्या केल्या, निम्म्यांच्या नाही. २००४ मध्ये निकाल आला, साधारण पावणेतीन वर्षांनी मृत्यूंचं प्रमाण २२ टक्के आणि २३ टक्के. काही फरक नाही. वर ते सगळं उरकेपर्यंत पायाचं ऑपरेशन लांबतं, आणि स्टेंट घातला की रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, त्या मध्येच थांबवणं धोक्याचं. अण्णांचा अंगठा तेवढं थांबणार नाही. अँजिओग्राफी लागते ती ज्यांना हृदयाचा अस्थिर त्रास आहे त्यांना, किंवा डाव्या मुख्य नसेबद्दल संशय आहे त्यांना. फिजिशियननी तपासून तसं काही लिहिलेलं नाही, तर त्या वाटेला जाऊ नका.

कारेलीबागकर, तुम्ही आपुलकीनेच लिहिलंय, पण त्या गोळीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ठोके कमी करणारी गोळी ऑपरेशनच्या तोंडावर नव्याने सुरू करणं धोक्याचं आहे. 'पॉइझ' या अभ्यासात आठ हजारांवर रुग्ण होते, निकाल २००८ चा. ऑपरेशनच्या दिवशी मेटोप्रोलॉल सुरू केलेल्यांत हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात वाढले आणि मृत्यूही वाढले. ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी ती चालूच ठेवायची, अचानक बंद करायची नाही. नव्याने मागायला मात्र जाऊ नका.

मागायची असेल तर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, मागा. अण्णांच्या पायाच्या नसा बंद झाल्यात, म्हणजे त्यांना स्टॅटिन तसंही हवंच, ऑपरेशन असो वा नसो. कागदावर दिसत नसेल तर उद्याच विचारा.

रेसिडेंट डॉक्टर

मॅडमबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. मी मेडिसिन शिकतोय. ट्रोपोनिन वाढलं की धोका जास्त, हे मान्य. पण सरसकट मोजल्याने माणसं वाचतात का, हा खरा प्रश्न. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी ऑपरेशनपूर्वी, २४ तासांनी आणि ४८ तासांनी मोजा असं ठामपणे म्हटलंय. अमेरिकेच्या २०२४ च्या सूचनांत मात्र ते 'करता येईल' या पातळीवरच आहे. आकडा बघून कोणी घाईने रक्त पातळ करणारं हेपॅरिन सुरू करतो आणि ताज्या टाक्यांतून रक्त वाहायला लागतं, कोणी अँजिओग्राफीला नेतो आणि डायमुळे किडनीवर येतं. घरचे घाबरतात ते निराळंच. टेस्ट लिहिणाऱ्याने पुढचं ठरवलेलं असलं पाहिजे.

जुनी भूलतज्ज्ञ

तुमचं शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. ज्या वॉर्डात संध्याकाळी आलेला रिपोर्ट दुसऱ्या दिवशीच्या राऊंडपर्यंत फायलीत पडून राहतो, तिथे ही तपासणी करून उपयोग नाही. म्हणून लेकीने टेस्ट करू का, एवढंच विचारून थांबू नये. रिपोर्ट कोण बघणार, रात्री आला तर कोणाला फोन जाणार, हेही ऑपरेशनच्या आधी विचारून घ्यावं.

आकडा वाढला तर काय करतात, हा लेकीचा मूळ प्रश्न राहिलाच होता. आधी उशाशी जाऊन माणूस बघायचा. रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन, हिमोग्लोबिन, दुखणं, लघवी किती झाली. यातलं जे बिघडलंय ते सुधारायचं, आणि निम्म्याहून जास्त काम इथेच होतं असं माझं मत आहे. मग ईसीजी, लागला तर इको. हृदयाखेरीज दुसरं कारण नाही ना, तेही बघायचं. रक्तात जंतुसंसर्ग, फुफ्फुसात गुठळी, ठोक्यांची अनियमितता, किडनी बिघडणं, या सगळ्यांत ट्रोपोनिन वाढतं. ईसीजीत मोठे बदल असतील, छातीत दुखत असेल, रक्तदाब टिकत नसेल, तर तो उघड अटॅक समजून हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील तसं पुढे. नुसता आकडा वाढलाय आणि माणूस स्थिर आहे, तर अँजिओग्राफीची घाई नको, हेपॅरिन तर नकोच. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन चालू आहेत का ते पाहायचं, सर्जनशी बोलून. हृदयरोगतज्ज्ञांची भेट ठरवायची. २०१८ मध्ये 'मॅनेज' नावाची चाचणी आली, मिन्स झालेल्या १७५४ जणांची. डॅबिगॅट्रान ही रक्त पातळ करणारी गोळी ११० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांत पुढच्या काळातल्या रक्तवाहिन्यांच्या मोठ्या गुंतागुंती १५ टक्क्यांवरून ११ वर आल्या. पण जवळपास निम्म्या लोकांनी गोळी मध्येच सोडली होती, आणि ताज्या बायपासवाल्याला ती कधी द्यायची हे सर्जनच्या संमतीशिवाय कोणीच ठरवू नये.

सरसकट म्हणाल तर हर्नियाच्या तरण्या माणसाचं ट्रोपोनिन मीही मोजणार नाही. ७१ वय, इन्सुलिन, जुनी विडी आणि पायाचा बायपास, इथे मी मोजणारच.

लॅबवाला, मांजलपूर

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मशीनवर असतो. आमच्या बाजूचं थोडं सांगतो, कारण आकड्यांवरून फार गोंधळ होतो.

ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय या दोन वेगळ्या टेस्ट. एकीचा आकडा दुसरीशी ताडून बघायचा नाही. तिन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच मशीनवर जायला हवेत. एकक बघा. कोणी नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये देतं, कोणी प्रति मिलिलिटरमध्ये. १४ आणि ०.०१४ हे एकच आहे, पण नातेवाईक वाचतात आणि हबकतात. थेंब टाकून रेघ उमटते ती कार्ड टेस्ट या कामाची नाही. ती फक्त हो किंवा नाही सांगते, आणि इथे तर लहानशी वाढ पकडायची असते.

आणखी एक, जे सहसा कोणी विचारत नाही. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या मिळतात. काही मशीनवर त्या गोळ्यांमुळे ट्रोपोनिन खोटंच कमी येतं. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ मध्ये त्याबद्दल इशाराही दिला होता. अण्णा असं काही घेत असतील तर आधी सांगा.

दांडियाबाजारची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांना भूलतज्ज्ञ ताईंचा पूर्ण मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. साडेबारा आणि दीड टक्का ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, करून घ्या.

आज पहिला रिपोर्ट आला. हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी २२ नॅनोग्रॅम प्रति लिटर. बाजूला लिहिलंय, १४ पर्यंत नॉर्मल. किडनीचं क्रिएटिनिन १.६. ट्रोपोनिन ऑपरेशनआधीच वाढलेलं, म्हणजे आता ऑपरेशन पुढे ढकलायचं का? अण्णांना अजून सांगितलेलं नाही. बायोटिन वगैरे घेत नाहीत, स्टॅटिन कागदावर नव्हतं, सर्जननी ते सुरू केलं.

जुनी भूलतज्ज्ञ

अण्णांना सांगा. त्यांचं शरीर आहे, आणि लपवलं की माणूस जास्त घाबरतो.

हा पहिला नमुना एवढ्यासाठीच घेतात. वय, मधुमेह आणि किडनी थोडी मंद, या तिन्हींमुळे काही लोकांचं ट्रोपोनिन कायमच थोडं वर असतं. हा आकडा हातात नसता आणि ऑपरेशननंतर एकदम २४ आला असता, तर आजची इजा की जुनीच पातळी, हे कोणालाच सांगता आलं नसतं. आता २४ आला तर काळजी नाही. 'व्हिजन'मध्ये ट्रोपोनिन टीवरून इजा मानायचा हिशेब असा होता: २० ते ६५ च्या मध्ये आकडा आणि आधीच्यापेक्षा किमान ५ ने वाढ, किंवा थेट ६५ च्या वर. ट्रोपोनिन आयला हा हिशेब लावू नका, लॅबवाल्या दादांनी सांगितलंच आहे.

पण २२ म्हणजे काहीच नाही असंही नाही. ज्यांचं आधीपासून वर असतं त्यांना धोका जास्त. हा कागद भूलतज्ज्ञ मॅडमना प्रत्यक्ष दाखवा. हातातल्या धमनीत सुई ठेवून दर ठोक्याला रक्तदाब दिसेल अशी सोय त्या करतील, आणि पहिली रात्र साध्या वॉर्डाऐवजी जिथे मॉनिटर आहे तिथे ठेवायला सांगतील. एवढ्या आकड्यावरून ऑपरेशन ढकलू नका. जखमेची कड काळी पडलीय म्हटलंत ना? तिला रक्त पोचवणं आता सगळ्यात निकडीचं आहे. क्रिएटिनिन १.६ आहे, तर डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची औषधं टाळा, तेही सांगून ठेवा.

दांडियाबाजारची लेक

ऑपरेशन झालं. पाय गरम आहे, सर्जननी डॉप्लरचा आवाज आम्हालाही ऐकवला. २४ तासांचं ट्रोपोनिन ४१ आलं. छातीत काही नाही, धाप नाही, अण्णा चहा मागत होते. ताईंनी सांगितलं होतं म्हणून मी आधीच विचारून ठेवलं होतं, रिपोर्ट रात्री आला आणि सिस्टरनी तेव्हाच ड्युटी डॉक्टरांना फोन केला. हिमोग्लोबिन ७.६ होतं, एक बाटली रक्त दिलं. ईसीजीत बदल नाही. इकोत पूर्वीसारखंच. ४८ तासांचं ३६, म्हणजे उतरतंय. हृदयरोगतज्ज्ञ येऊन गेले, ॲस्पिरिन आणि स्टॅटिन चालू ठेवा म्हणाले, अँजिओग्राफी आत्ता नको.

उद्या डिस्चार्ज आहे. समरीचा कच्चा कागद मिळाला, त्यात बायपासबद्दल सगळं आहे, ट्रोपोनिनचा उल्लेख कुठेच नाही. ते लिहून घ्यायला हवं का? शेजारच्या भानुमासी आत्ताच लीलो चेवडो (ओला चिवडा) घेऊन भेटायला येऊन गेल्या, तो अण्णांना द्यायचा का, यावरूनही घरात चर्चा चालू आहे.

जुनी भूलतज्ज्ञ

लिहून घ्यायलाच हवं. सहा महिन्यांनी अण्णांना धाप लागली आणि तुम्ही त्यांना दुसऱ्याच डॉक्टरांकडे नेलंत, तर हाच कागद समोर असणार. समरीत चारही गोष्टी येऊ द्या: ऑपरेशनपूर्वी २२, २४ तासांनी ४१, ४८ तासांनी ३६, छातीत दुखणं नाही आणि ईसीजीत बदल नाही. त्याखाली निदान म्हणून 'ऑपरेशननंतर हृदयाच्या स्नायूला इजा' असं स्पष्ट लिहायला सांगा. निवासी डॉक्टर घाईत असतात, सकाळीच जाऊन गोड बोलून सांगा, लिहितात.

हृदयरोगतज्ज्ञांची तारीख घरी जाण्यापूर्वीच घ्या, 'लागलं तर या' एवढ्यावर सोडू नका. त्या भेटीत एक विचारा. पायाच्या बायपासनंतर ॲस्पिरिनसोबत रिव्हरॉक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी अडीच मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. 'व्हॉयेजर' चाचणीत, २०२० मध्ये, साडेसहा हजार रुग्णांत त्याने पाय आणि हृदय दोन्हींच्या गुंतागुंती कमी झाल्या, पण रक्तस्राव काहीसा वाढला. अण्णांचं हिमोग्लोबिन आणि किडनी बघून ते घ्यायचं की नाही, हे सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवावं. आपल्या मनाने दुकानातून आणू नका.

पुढच्या आठवड्यात हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन पुन्हा करा. विडी सुटलीय, ती सुटलेलीच राहू दे, मित्रमंडळी भेटायला येतील तेव्हा लक्ष ठेवा. धाप, नवीन घाम, छातीत किंवा जबड्यात जडपणा, एकाएकी आलेला थकवा, यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सीत जा आणि हाच कागद सोबत न्या. लीलो चेवडो अण्णांना चिमूटभर चालेल, साखर टाकलेला असतो, इन्सुलिनचा हिशेब बघून द्या.